घरच्या घरी साधा लाकडी बेंच: लाकूड कोणतं घ्यावं, सांधा कसा करावा?

तिफण
नमस्कार मंडळी. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. बाबांना बाजेवरून उठताना आताशा फार त्रास होतो. बाज बुटकी, सुंभ सैल झालेलं, त्यामुळं उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. प्लास्टिकच्या खुर्चीत ते बसत नाहीत, ती मागं सरकते म्हणून. ओसरीत भिंतीला लागून राहील असा चार फुटी साधा बेंच मी स्वतः करायचा म्हणतो. करवत, रंधा, दोन पटाश्या, हातोडी आणि ड्रिल मशीन घरात आहे. शेतात बाभळीचं एक जाड खोड गेल्या पावसाळ्याच्या वादळात पडलं होतं, ते बांधावर तसंच आहे. ते चालेल का? नाहीतर सागवान आणू? आणि जोड स्क्रूनं करावा की जुन्या पद्धतीनं? गावातले वाढई आता फक्त दारं-खिडक्यांची कामं घेतात, त्यामुळं विचारायला जवळ कोणी नाही.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, बाभूय लय चिवट लाकूड हाय. बंडीची चाकं, वखराचं खोड, सारं त्याचंच होये. बेंच केला त नातवायच्या लग्नापर्यंत टिकन. पण रंधा मारता मारता दंडातला जीव जाईन, हे आधी सांगून ठेवतो.

नागपूर_पुणे
इतका खटाटोप कशाला? लोखंडी चौकोनी पाइपची फ्रेम वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या, वर एकोणीस एमएमचं प्लाय टाका. एका दिवसाचं काम.

वऱ्हाडी_ठेचा
अन् मे महिन्यात दुपारी त्या पाइपले हात लावून पाहाजा.

निवृत्त_मास्तर
प्लायबद्दल एक सांगतो. ओसरीत पावसाची झड येते. साध्या प्लायची कड पाणी पिते आणि थर सुटतात. वॉटरप्रूफ प्लाय घेऊन कडेला लाकडी पट्टी मारली तर टिकतं, पण मग ते स्वस्त राहत नाही.

लाकडाच्या आधी उंची ठरवा. बाबांना नेहमीची चप्पल घालून उभं करा आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या लवणापर्यंत माप घ्या. बेंच त्याहून इंच-दीड इंच उंच ठेवा. बाजारातले बेंच साधारण सोळा-सतरा इंचांचे असतात, म्हाताऱ्या माणसाला बहुधा अठरा लागते. त्यापेक्षा फार उंच केला तर पाय लोंबकळतात आणि मांडीखाली रग लागते. निदान एका बाजूला हात टेकायला दांडा हवाच, बैठकीपासून आठ-नऊ इंच वर. गुडघे अधू असलेला माणूस हातांच्या जोरावर उठतो. हा दांडा नसेल तर बेंच कितीही मजबूत असला तरी तुमचा मूळ प्रश्न सुटत नाही.

तिफण
मास्तर, दांड्याचं डोक्यातच आलं नव्हतं. माप आजच घेतो.

झाडीपट्टी
सागवानाचा विषय निघाला म्हणून लिहितो, मी चंद्रपूरकडचा. आमच्या बल्लारशाचं सागवान देशभर जातं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 साली इथूनच लाकूड गेलं. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, म्हणून उधई (वाळवी) त्याला सहसा लागत नाही. पण 'सागवान' म्हणून जे विकतात त्यात कडेचा पांढरा भाग किती आहे ते बघून घ्या. पांढऱ्या भागाला किडा लागतो, तिथं सागाचं नाव काही कामी येत नाही. कोवळ्या लागवडीतल्या झाडात हा पांढरा भाग बराच असतो.

बांधावर स्वतःचं सागाचं झाड असलं तरी सरळ कुऱ्हाड लावू नका. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्यात साग, मोह, चिंच, आंबा, ऐन, बीजा, हळदू, आंजन ही झाडं येतात, तोडायला परवानगी लागते. लाकूड गाडीत घालून नेताना वाहतूक परवाना लागतो तो वेगळा. विकत घेतलं असेल तर पावती घरात जपून ठेवा. तुमच्या बाभळीचंही हलवण्याआधी वनविभागात एकदा विचारून घ्या, तेवढ्यानं पुढची कटकट वाचते.

ओसरीवर
हे सगळं एका बेंचसाठी? आमच्या गावात आमदार निधीतून सिमेंटचे बेंच आले, त्यातला एक...

वऱ्हाडी_ठेचा
त्यातला एक तुमच्या ओसरीत आला का? नावच 'ओसरीवर' हाय म्हणून इचारतो.

ओसरीवर
पारावर आहे हो! सकाळी सात ते नऊ रिकामा सापडत नाही, आणि दुपारी त्यावर पापड वाळतात.

मोहफूल
तिफण भाऊ, सागवान नवं घेऊच नका. तुमच्या आसपास घरकुलं मंजूर झाली की जुनी मातीची घरं पाडतात. त्यातली मयाल (छपराची आडवी तुळई), खांब, दाराच्या चौकटी पाहा. आमच्याकडे कित्येक जण ते लाकूड जळतनाच्या भावात देऊन टाकतात आणि चांगला जुना साग चुलीत जातो. फार वाईट वाटतं बघून. पन्नास-साठ वर्षं छपराखाली वाळलेलं लाकूड पैसे मोजूनही बाजारात मिळत नाही. ते आता वाकत नाही, पिळत नाही, जे काय व्हायचं ते केव्हाच होऊन गेलेलं असतं.

फक्त दोन गोष्टी बघा. मयालीचं जे टोक मातीच्या भिंतीत होतं तिथं स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा, उधई बहुतेक तिथूनच शिरते. मऊ लागलं तर तेवढं टोक कापून टाका. दुसरं म्हणजे खिळे. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून लाकडावरून फिरवा. जिथं ओढ लागेल तिथं खडूनं खूण करा आणि खिळा काढल्याशिवाय आरा मशीनवर नेऊ नका. पातं तुटलं तर मशीनवाला पुन्हा दारात उभं करणार नाही, आणि तुकडा उडून कुणाला लागला तर त्याहून वाईट.

सुताराची_लेक
मोहफूल ताईंच्या सल्ल्याला माझं अनुमोदन. माझे बाबा बंड्या, वखर, तिफणी करायचे. पोळा जवळ आला की तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी, मग रात्रीपर्यंत अंगणात भुसा. तेव्हा त्यांच्या हाताखाली जे शिकले ते लिहिते.

आधी बाभळीचं. पावसाळ्यात पडलेलं खोड अजून आतून ओलं आहे. सालीसकट पडलं असेल तर सालीखाली किड्यानं घर केलं असणार. पिठासारखा बारीक भुसा गळत असेल तर तो घुण. आमच्याकडे बाभूळ कापली की साल काढून नाल्याच्या डोहात नाहीतर तळ्यात बुडवून ठेवत. काही महिने पाण्यात राहिली की आतला चीक आणि पिष्ट निघून जातं, मग किडा फारसा लागत नाही. नंतर बाहेर काढून सावलीत वाळवायची. फळ्या एकावर एक रचताना मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या टाकायच्या, म्हणजे वारा खेळतो. टोकांना रंग किंवा मेण लावायचं, कारण लाकूड टोकांतून भराभर वाळतं आणि तिथूनच तडकतं. तुमचं खोड आत्ता चिरून घ्या आणि असं रचून ठेवा. पुढच्या वर्षी त्याचं काहीतरी करता येईल. या बेंचला ते वापरू नका.

आता बेंच. मला फळीच्या पायांचा बेंच सगळ्यात सोपा आणि सगळ्यात टिकाऊ वाटतो. एक बैठकीची फळी, दोन उभ्या फळ्यांचे पाय आणि दोन्ही पायांना जोडणारी मधली आडवी पट्टी. पायाच्या फळीत लाकडाच्या रेषा उभ्याच हव्यात. आडव्या रेषांचा पाय एक दिवस कडकन मोडतो. पायाच्या खालच्या कडेला मधोमध कमान कापा, म्हणजे बेंच चार टोकांवर उभा राहतो आणि सारवलेल्या जमिनीवर डुगडुगत नाही.

पायाच्या वरच्या कडेला दोन कुसू काढा, म्हणजे खाचेत बसणारी पुढे आलेली टोकं, आणि बैठकीत त्यांच्यासाठी आरपार दोन खाचा. खाच मारताना फळीच्या दोन्ही बाजूंनी चाकूनं रेघ ओढून घ्या. पेन्सिलची रेघ जाड असते, चाकूच्या रेघेत पटाशी आपोआप बसते. मधलं लाकूड ड्रिलनं पोखरा, मग पटाशीनं अर्धं वरून आणि अर्धं खालून छाटा. एकाच बाजूनं आरपार मारलं तर खालची चिपळी उडते आणि बैठकीचं तोंड बिघडतं. कुसू हातानं अर्धा आत जावा आणि उरलेला लाकडी मोगरीच्या ठोक्यांनी. सैल जात असेल तर फेविकॉलनं ते भरून निघत नाही.

कुसवाच्या टोकात करवतीनं चीर पाडून ठेवा. वर आला की त्यात पाचर ठोका. पाचर बैठकीच्या रेषांना आडवी बसली पाहिजे. रेषांच्या दिशेनं ठोकली तर फळी उभी फाटते, आणि ती सांधता येत नाही. वर आलेलं टोक करवतीनं कापून रंधा मारला की जोड दिसतो आणि हाताला लागत नाही.

तिफण
ताई, हे मी वहीत उतरवून घेतलं. पण बैठक आणि पाय दोन्ही फुगले तर पाचर ढिली नाही का होणार?

सुताराची_लेक
चांगलं विचारलंत. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. तुमची बैठक आणि पाय दोन्ही फळ्याच, दोघांची रुंदी एकाच दिशेला. त्यामुळं पावसाळ्यात दोघं बरोबरीनं फुगतात आणि उन्हाळ्यात बरोबरीनं आकसतात. जोडावर ओढ येत नाही. याच कारणानं मी फळीचे पाय सांगते.

निवृत्त_मास्तर
आकड्यात सांगायचं तर फूटभर रुंदीची सागाची सपाट चिरलेली फळी मेपासून ऑगस्टपर्यंत सूत-दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फुगू शकते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हवा कोरडी ठाक, आणि दोन महिन्यांत भिंतींना ओल येते. लाकडाला एवढा फरक सोसावा लागतो. म्हणूनच बैठकीखाली आडव्या पट्ट्या फेविकॉलनं चिकटवून वर स्क्रू आवळू नयेत. पट्टी लांबीत हलत नाही, फळी रुंदीत हलते, आणि या ओढाताणीत फळी चिरते. पट्टी लावायचीच असेल तर मधला स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंना पट्टीत लांबट भोकं, आणि तिथं फेविकॉल नाही.

नागपूर_पुणे
मास्तर, एक फुटी अखंड फळी आता मिळते कुठं? मयाल चिरली तरी सहा-सात इंचांच्या निघतील.

मोहफूल
बरोबर आहे. मग दोन किंवा तीन अरुंद फळ्या घ्या आणि मध्ये दोन सुतांची फट ठेवा. फुगायला जागा मिळते, पाणी साचत नाही आणि झाडायला सोपं. पायही दोन फळ्या जोडून करता येतात.

सुताराची_लेक
हो, पण पायाच्या फळ्या कडेला कड लावून सरसानं किंवा फेविकॉलनं नीट जोडा. जोडायच्या कडा रंध्यानं इतक्या सरळ करा की उजेडासमोर धरल्यावर मधून किरण दिसू नये. सागाला तेल असतं, तेव्हा चिकटवण्याआधी ताजा रंधा मारा आणि कड स्पिरिटनं पुसा. आणि प्रत्येक बैठकीच्या फळीला प्रत्येक पायावर निदान एक कुसू आला पाहिजे.

सातपुडा
धारणीकडून नमस्कार. बांबूचा विचार केला का? आमच्याकडे बांबूच्या माचीवरच सगळं चालतं. 2017 च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू वन कायद्यात झाड धरला जात नाही, शेतातला तोडायला सोपं झालं. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं बांबूचं फर्निचर शिकवतात.

झाडीपट्टी
बांबूची माची मला आवडते, पण म्हाताऱ्या माणसाला गोल बांबू मांडीला टोचतात. शिवाय बांबूलाही घुण लागतोच. टाकणखार आणि बोरिक पावडरच्या पाण्यात भिजवल्याशिवाय वापरू नये. दहा लिटर पाण्याला साधारण तीनशे ग्रॅम टाकणखार आणि दोनशे ग्रॅम बोरिक. हे लाकडालाही चालतं, पण पावसात धुऊन जातं. त्यामुळं छपराखालच्या वस्तूलाच करावं, आणि पाणी पोरं-ढोरांपासून लांब ठेवावं.

तिफण
म्हणजे ठरलं, जुना साग शोधतो. गावात एक घर पाडायचं चाललंय, मालक बाबांचे मित्रच आहेत. लाकूड किती लागेल?

निवृत्त_मास्तर
दीड इंच जाडीनं हिशेब करू. बैठक चार फूट गुणिले एक फूट, म्हणजे अर्धा घनफूट. साडेसोळा इंच उंच, अकरा इंच रुंद असे दोन पाय मिळून एक तृतीयांश घनफुटाच्या थोडं आत. त्यात वर येणाऱ्या कुसवांसाठी पायाला दीड-दोन इंच वाढवून धरा. मधली पट्टी चार इंच रुंद, साधारण एक अष्टमांश. हाताचा दांडा आणि त्याचे दोन खांब मिळून थोडं आणखी. एकूण घनफुटाच्या आसपास. खिळ्यांची भोकं, कुजलेली टोकं आणि चिरताना जाणारा भुसा धरून दीड घनफूट मयाल घ्या.

पाय बैठकीच्या टोकांपासून सहा इंचांपेक्षा जास्त आत घेऊ नका. जास्त आत घेतले आणि कोणी एका टोकाला बसलं की दुसरं टोक उचलतं.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या लग्नातला पंगतीचा बाक असाच उलटला होता राजेहो. मधातले दोघं उठले अन् टोकावरचे व्याही डायरेक भाजीच्या गंजात!

पऱ्हाटी
😄 व्याह्यांना आधी बसवून मग बेंच तपासायचा!

माझा एक व्यावहारिक प्रश्न. पाय मातीच्या जमिनीवर राहणार, उधईचं काय? साग असला तरी?

मोहफूल
पायाखाली फरशीचे तुकडे ठेवा, माती आणि लाकडाचा संबंध तुटला पाहिजे. पायांची खालची टोकं तेल पिऊन थांबेपर्यंत तेलाच्या ताटलीत उभी करा. आणि भिंतीपासून चार बोटं अंतर सोडा. उधईची मातीची नळी चढताना दिसली तर लगेच मोडता येते, भिंतीला चिकटवलं तर दिसतच नाही.

पऱ्हाटी
तेल म्हणजे जवसाचंच ना? आमच्या घरचं जवस घाण्यावरून आणतो.

सुताराची_लेक
जवसाचंच. पण घाण्याचं कच्चं तेल वाळायला फार दिवस घेतं आणि तोवर त्यावर धूळ बसते. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड जवसाचं तेल मिळतं ते घ्या. पातळ हात, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं पुसून टाकायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे तीन हात पुरतात. चकाकी येत नाही, पण ओरखडा पडला की तेवढ्याच जागी पुन्हा तेल लावता येतं.

हे मात्र सगळ्यांनी वाचा. जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता तयार होते, बोळ्यात ती अडकते आणि काडी न लावता चिंधी पेट घेऊ शकते. आपल्या उन्हाळ्यात आणि शेजारी कापूस किंवा कुटार असेल तर विचारूच नका. चिंध्या पाण्यात बुडवा नाहीतर अंगणात मोकळ्या पसरून पूर्ण कडक होऊ द्या.

ओसरीवर
हे मला माहीतच नव्हतं. आमच्या गोठ्यात रंगकामाचा डबा आणि चिंध्या एकत्रच असतात. आत्ताच जाऊन बाहेर काढतो.

नागपूर_पुणे
मी लोखंडी फ्रेमचा आग्रह सोडला. फक्त हाताच्या दांड्याला स्क्रू वापरलेत तर काय बिघडेल? तिथं कुसू करणं नवख्या माणसाला अवघड जाईल.

सुताराची_लेक
दांड्याचे दोन खांब बैठकीच्या कडेला बाहेरून लावून प्रत्येकी दोन बोल्ट आरपार घाला, मागून वायसर आणि नट. म्हातारा माणूस रोज त्यावर सगळा भार टाकणार, स्क्रू हळूहळू ढिले होतात. बाकी जिथं स्क्रू लागतील तिथं आधी स्क्रूच्या मधल्या दांड्याएवढं भोक पाडा आणि आट्यांना साबण चोळा. जुना साग कोरडा असतो, भोक न पाडता स्क्रू पिळला तर एकतर फळी चिरते नाहीतर स्क्रूचं डोकं तुटतं. पितळी स्क्रू लावायचा असेल तर आधी त्याच मापाचा लोखंडी फिरवून काढा आणि मग पितळी.

सागाचा बारीक भुसा अंगाला खाजवतो. घासताना नाका-तोंडाला दुपट्टा बांधा आणि बाबांना त्या दिवशी ओसरीत बसवू नका.

तिफण
बाबांचं माप घेतलं, लवण साडेसोळा इंचांवर येतं. म्हणजे बैठक अठराला. बाबा म्हणाले दांडा उजव्या हाताला ठेव, डावा खांदा दुखतो. घरमालकांशी बोलणं झालं. स्वयंपाकघरावरची मयाल द्यायला तयार आहेत, धुरानं पार काळी झाली आहे. ती चालेल ना?

मोहफूल
उत्तम. वायर ब्रशनं काजळी आणि माती पूर्ण काढल्याशिवाय रंधा लावू नका, मातीतली वाळू पात्याची धार खाते. आत लाकूड मधाच्या रंगाचं निघेल. शेंडे कापून दोन्ही बाजूंनी बघा, पोखरलेलं नसेल तर सगळी मयाल उचला.

निवृत्त_मास्तर
पाय कापताना खाली अर्धा इंच जास्त ठेवा. बेंच पूर्ण जुळल्यावर सपाट फरशीवर उभा करा. जो कोपरा डुगडुगेल त्याखाली पत्त्याच्या जाडीचे तुकडे सरकवून बैठक पातळीत आणा. मग एका ठोकळ्यावर पेन्सिल धरून चारही टोकांभोवती एकाच उंचीची रेघ ओढा आणि त्या रेघेवर कापा. बैठक अठरावर येते आहे का ते कापण्याआधी बाबांना बसवून बघा. अर्धा इंच कमी करता येतो, वाढवता येत नाही.